राखणदारांची राखण

२८ डिसेंबर २००५ रोजी संध्याकाळी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील टाटा सभागृहातून एका आंतरराष्ट्रीय परिषदेचे प्रतिनिधी बाहेर पडत होते. परिषद ऑपरेशनल रिसर्च या गणिती शास्त्राची होती. हाताशी असलेली मर्यादित साधने अधिकाधिक उपयोगी पडतील अशा रीतीने कशी वाटावीत, याचा विचार हे शास्त्र करते. सभागृहाबाहेर दबा धरून असलेल्या बंदूकधाऱ्याने या मंडळींवर गोळीबार केला. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक मुनीशचंद्र पुरी त्यात मरण पावले आणि आणखी काही जण जखमी झाले. या हल्ल्याचे धागेदोरे लष्कर-ए-तय्यबा या संघटनेपर्यंत पोहोचतात, असे पोलिसांनी पुढे सांगितले.

ही घटना जेथे घडली ते स्थळ अणुविज्ञानाच्या इतिहासात सामान्य नव्हे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा सुटीसाठी भारतात आलेले होमी भाभा केंब्रिजला परत जाऊ शकले नाहीत. ते याच संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. मार्च १९४४ मध्ये टाटा विश्वस्त निधीला मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याविषयी त्यांनी जे पत्र लिहिले, ते येथूनच. १९७४ च्या पोखरण स्फोटाचे एक प्रमुख सूत्रधार राजा रामण्णा यांनी १९८८ मध्ये याच आवारात स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे पहिले संचालकपद सांभाळले, आणि उपखंडातील अण्वस्त्रांचा अभ्यास तेथे पुढे नियमितपणे होऊ लागला. अर्थात गोळ्या झाडणाऱ्यांना या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. त्यांना अणुबॉम्ब नको होता. भर शहरात, विद्वानांच्या मेळाव्यात, भय निर्माण करावयाचे होते. पण ज्या संघटनेकडे बोट दाखविले गेले तिची मुळे ज्या देशात रुजली, त्या देशाने मे १९९८ मध्ये चगाईच्या डोंगरात अणुस्फोट केले होते. एकाच राज्याच्या छपराखाली एकीकडे अण्वस्त्रे आणि दुसरीकडे सशस्त्र अतिरेकी गट नांदत असतील, तर त्या दोहोंमधील भिंत कितपत पक्की असते, हा प्रश्न म्हणूनच दिल्लीतील मुत्सद्द्यांपुरता उरत नाही. बंगळूरच्या एका सभागृहाच्या दारापर्यंत तो येऊन ठेपलेला आहे.

या प्रश्नाविषयी सर्वसाधारण वाचकाच्या मनात जे चित्र असते ते बहुधा असे : दाढीधारी सशस्त्रांचा जमाव डोंगरातून उतरतो, राजधानी काबीज करतो आणि अण्वस्त्रांच्या कोठाराचे कुलूप फोडतो. एप्रिल २००९ मध्ये हे चित्र जगभरच्या वृत्तपत्रांनी रंगविले. स्वात खोऱ्यात मौलाना फजलुल्लाच्या टोळ्यांनी आपला अंमल बसविला होता. फजलुल्ला नभोवाणीवरून प्रवचने देत असे आणि त्याच आवाजात शिक्षांची फर्मानेही सोडत असे. सरकारने त्यांच्याशी तह करून शरियतची न्यायालये मान्य केली. तहाची शाई वाळते न वाळते तोच त्या टोळ्या शेजारच्या बुनेर जिल्ह्यात शिरल्या. बुनेरहून इस्लामाबाद सुमारे शंभर किलोमीटर. पाकिस्तानी लष्कराने मे महिन्यात मोठी मोहीम काढून स्वात परत मिळविले; त्यासाठी सुमारे वीस लाख लोकांना घरदार सोडावे लागले.

संकट खरेच होते, पण कोठार फोडण्याचे चित्र मात्र अपुरे आहे, किंबहुना दिशाभूल करणारे आहे. अणुबॉम्ब ही बंदुकीसारखी हिसकावून घेऊन लगेच चालविता येईल अशी वस्तू नव्हे. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये स्फोटास उपयोगी असा २३५ भारांकाचा अंश शेकडा ०.७ इतकाच असतो. वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रांच्या लांबच लांब मालिकांतून वायुरूप युरेनियम पुनःपुन्हा फिरवून हा अंश शेकडा ९० च्या वर न्यावा लागतो. एका बॉम्बसाठी साधारण किती द्रव्य लागेल याचा हिशेब करताना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था समृद्ध युरेनियममधील २५ किलोग्रॅम आणि प्लुटोनियमचे ८ किलोग्रॅम हे आकडे धरते. पाकिस्तानात शांततेच्या काळात स्फोटद्रव्याचा गाभा, स्फोटाची यंत्रणा आणि क्षेपणास्त्र ही सामान्यतः वेगवेगळी ठेवली जातात, असा बहुतेक अभ्यासकांचा समज आहे. शस्त्रांवर सांकेतिक अंकांची कुलुपे आहेत आणि कोणतीही महत्त्वाची कृती एकट्याच्या हातून होऊ शकत नाही, असे तेथील अधिकारी सांगत आले आहेत.

राखणीची यंत्रणाही कागदी नाही. फेब्रुवारी २००० मध्ये राष्ट्रीय नियंत्रण प्राधिकरणाची स्थापना झाली. त्याचा दैनंदिन कारभार पाहणारा स्ट्रॅटेजिक प्लॅन्स डिव्हिजन हा विभाग लेफ्टनंट जनरल खालिद किडवाई यांनी २०१३ च्या अखेरीपर्यंत चालविला. या विभागाकडे हजारो जवानांचे स्वतंत्र संरक्षक दल आहे. शास्त्रज्ञ व कर्मचारी यांचे पूर्वचरित्र, नातेसंबंध, कर्जे, धार्मिक ओढी, सारे काही ठराविक काळाने तपासले जाते. २००१ नंतर अमेरिकेने कुंपणे, टेहळणीची साधने व प्रशिक्षण यांसाठी सुमारे दहा कोटी डॉलर गुप्तपणे खर्च केल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडक्यात, बाहेरून चालून येणाऱ्यासाठी तट उंच आहे.

परंतु तटाच्या आत जे उभे आहेत ते कोण? मराठीत कुंपणानेच शेत खाल्ल्याची म्हण आहे. पाकिस्तानच्या बाबतीत ती लावून पाहण्यापूर्वी हे कुंपण कोणत्या काटक्यांचे विणले गेले, ते पाहावयास हवे.

जुलै १९७७ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली. त्यांनी शरियतवर आधारलेले फौजदारी कायदे आणले आणि जकातीची वसुली सरकारी केली. सैन्याचे ब्रीदही बदलले : श्रद्धा, ईश्वरभीती आणि ईश्वराच्या मार्गातील जिहाद. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि या धोरणाला अमेरिकेचा पैसा व सौदी अरेबियाचा पैसा असे दोन्ही हात मिळाले. सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या, मदरशांची संख्या वाढली, शस्त्रे बाजारात भाजीपाल्यासारखी मिळू लागली. १९८९ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत फौजा परतल्या. छावण्या मात्र मोडल्या गेल्या नाहीत. काश्मीरमध्ये त्याच वेळी असंतोष भडकत होता आणि तयार लढवय्यांना नवे काम मिळाले. पंजाब प्रांतातील झंग येथे १९८५ मध्ये सिपाह-ए-सहाबा ही शियाविरोधी संघटना निघाली होती. देशांतर्गत पंथीय हत्यांचे सत्र तेथून पसरले. २००० साली मसूद अझहरने जैश-ए-महंमद स्थापन केली. आदल्या डिसेंबरात कंदाहारला नेलेल्या भारतीय विमानातील प्रवाशांच्या मोबदल्यात तो भारताच्या तुरुंगातून सुटला होता. सोयीसाठी ही सारी नावे एका दमात सांगितली जातात. वस्तुतः त्यांचे पंथ, प्रदेश आणि शत्रू निरनिराळे होते. समान होती ती एक गोष्ट : त्यांपैकी अनेकांना कोणत्या ना कोणत्या काळी राज्यसंस्थेचा आश्रय, किंवा निदान काणाडोळा, लाभला.

या इतिहासाला भस्मासुराच्या कथेची उपमा देण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे लागू पडत नाही. भस्मासुर एकटा होता, वर देणाऱ्यावर उलटला आणि स्वतःच्याच हाताने भस्म झाला, गोष्ट संपली. येथे मात्र वर मिळालेल्यांपैकी काही उलटले, काही निष्ठावंत राहिले, काही दिवसा निष्ठावंत आणि रात्री उलटे असे वागले. ११ सप्टेंबर २००१ नंतर जनरल मुशर्रफ यांनी अमेरिकेची बाजू घेतली आणि जानेवारी २००२ मध्ये लष्कर व जैश यांच्यावर बंदी घातली, तेव्हा ही फूट उघड झाली. जुलै २००७ मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीवर लष्करी कारवाई झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अनेक टोळ्यांनी एकत्र येऊन तहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना बांधली. तिचा शत्रू पाकिस्तानी राज्य हाच होता. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या सैनिकी शाळेत तिच्या हल्लेखोरांनी १४० हून अधिक जणांना ठार मारले. त्यांत बहुसंख्य मुले होती. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल अफगाण तालिबानच्या हाती गेल्यावर, काही वर्षे माघारलेली ही संघटना पुन्हा सबळ झाली. जानेवारी २०२३ मध्ये पेशावरच्या पोलीस वसाहतीतील मशिदीत ऐन नमाजाच्या वेळी झालेल्या स्फोटात ८० हून अधिक माणसे, मुख्यतः पोलीस, मृत्युमुखी पडली.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. उलटलेल्या आणि न उलटलेल्या गटांमधील सीमारेषा राज्यालाच स्पष्ट नसेल, तर ती सैनिकाला कशी स्पष्ट असणार? एकाच संघटनेला एका सरहद्दीवर मित्र आणि दुसऱ्या सरहद्दीवर शत्रू समजण्याची कसरत जनरलला जमेल. विमानतळावर पहारा देणाऱ्या तंत्रज्ञाला जमेलच असे नाही. या अनुषंगाने घडलेल्या काही घटना नीट न्याहाळण्याजोग्या आहेत.

१९९५ च्या सप्टेंबरात सरहद्दीच्या भागातून येणाऱ्या एका गाडीत शस्त्रे सापडली. धागा ओढत गेल्यावर मेजर जनरल झहीरुल इस्लाम अब्बासी आणि काही अधिकारी हाती लागले. पंतप्रधान बेनझीर भुट्टो व लष्करप्रमुख यांना ठार करून धर्मराज्य जाहीर करण्याचा त्यांचा बेत होता. येथे कट करणारा मनुष्य कोणी डोंगरातला टोळीवाला नव्हता, सेवेत असलेला मेजर जनरल होता.

२००३ च्या डिसेंबरात रावळपिंडीत अकरा दिवसांच्या अंतराने मुशर्रफ यांच्यावर दोन प्राणघातक हल्ले झाले. पहिल्यात त्यांच्या मार्गावरील पूल उडविला गेला, दुसऱ्यात स्फोटके भरलेल्या दोन मोटारी त्यांच्या ताफ्यावर घातल्या गेल्या. दोन्ही वेळा ते बचावले. तपासात वायुदलातील कनिष्ठ कर्मचारी सापडले. त्यांपैकी अदनान रशीद या तंत्रज्ञाला फाशीची शिक्षा झाली. २०१२ च्या एप्रिलमध्ये तालिबानने बन्नूचा तुरुंग फोडला तेव्हा तो निसटला आणि थेट त्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

१० ऑक्टोबर २००९ रोजी लष्करी गणवेश घातलेल्या दहा जणांनी रावळपिंडीतील लष्कराच्या मुख्यालयात प्रवेश केला, ओलीस धरले आणि जवळजवळ एक दिवस झुंज दिली. त्यांचा म्होरक्या पूर्वी सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. २२ मे २०११ रोजी कराचीच्या मेहरान नौदल तळावर हल्ला होऊन दोन टेहळणी विमाने जळून खाक झाली. हल्लेखोरांना तळाची अंतर्गत रचना ठाऊक असावी, असे त्यांच्या हालचालींवरून वाटत होते. नौदलात अल-कायदाचे सहानुभूतीदार आहेत आणि त्यांच्या अटकेवरून वाटाघाटी फिसकटल्याने हा हल्ला झाला, असे पत्रकार सय्यद सलीम शहजाद यांनी लिहिले. त्या महिन्याच्या अखेरीस ते बेपत्ता झाले आणि पुढे त्यांचा मृतदेह सापडला. १६ ऑगस्ट २०१२ रोजी कामरा येथील वायुदलाच्या तळावर हल्ला झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये कराचीच्या गोदीत झुल्फिकार या युद्धनौकेचा ताबा घेण्याचा प्रयत्न झाला. हा बेत नौदलातल्याच लोकांचा होता आणि २०१६ मध्ये नौदलाच्या पाच अधिकाऱ्यांना देहदंड सुनावला गेला.

यांपैकी एकाही ठिकाणी अण्वस्त्रे हल्लेखोरांच्या हाती लागली नाहीत. हे सत्य ठळकपणे नोंदविले पाहिजे, कारण या विषयावरील पुष्कळसे लेखन ते गाळून पुढे जाते. पण या घटनांनी दुसरे एक सत्य दाखवून दिले. लष्करी तळ फोडावयाचा तर संख्याबळापेक्षा पहाऱ्याची वेळ, दाराची बाजू आणि गणवेशाची खूण ठाऊक असलेला एक माणूस अधिक मोलाचा ठरतो.

शस्त्रांपेक्षाही ज्ञान चोरणे सोपे. भोपाळमध्ये जन्मलेले अब्दुल कादिर खान हॉलंडमधील अपकेंद्री यंत्रांच्या कामातून तेथील आराखडे घेऊन १९७५ च्या अखेरीस पाकिस्तानात परतले. काहुटा येथील प्रयोगशाळेने देशाला समृद्ध युरेनियम मिळवून दिले आणि ते राष्ट्रपुरुष ठरले. पुढे हेच ज्ञान त्यांनी इराण, उत्तर कोरिया आणि लिबिया यांना पुरविले. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेल्या एका जहाजावर यंत्रांचे भाग पकडले गेले आणि ४ फेब्रुवारी २००४ रोजी खान यांनी दूरचित्रवाणीवर अपराध कबूल केला. दुसऱ्याच दिवशी त्यांना माफी मिळाली. खान यांचा हेतू धार्मिक होता असे म्हणता येत नाही. कीर्ती आणि पैसा यांचे आकर्षण त्यांना अधिक असावे. त्यांच्या प्रकरणाचा बोध वेगळाच आहे. संशय घेण्याचे धाडस कोणी करणार नाही इतका मोठा मनुष्य, कोणत्याही झडतीतून पार जातो.

सुलतान बशीरुद्दीन महमूद यांचे प्रकरण याहून अस्वस्थ करणारे. हे अणुऊर्जा आयोगातील ज्येष्ठ अभियंता. खुशाब येथील प्लुटोनियमच्या अणुभट्टीशी त्यांचा जवळचा संबंध होता. जिन्नांच्या ठायी असलेली ऊर्जा मनुष्याच्या कामी आणता येईल, अशा तऱ्हेचे विचार ते गांभीर्याने मांडीत, आणि पाकिस्तानचा बॉम्ब ही साऱ्या इस्लामी जगाची ठेव आहे, असे त्यांचे मत होते. सेवेतून बाहेर पडल्यावर त्यांनी अफगाणिस्तानात मदतकार्य करणारी एक संस्था काढली. ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कवरील हल्ल्याच्या काही आठवडे आधी, काबूलमध्ये त्यांची व एका सहकाऱ्याची उसामा बिन लादेनशी भेट झाली आणि तीत अण्वस्त्रांविषयी बोलणे झाले. त्या ऑक्टोबरात महमूद यांना ताब्यात घेण्यात आले. या बोलण्यातून बॉम्ब बनू शकला नसता. महमूद यांना स्फोटयंत्रणेच्या रचनेचे ज्ञान नव्हते, असे जाणकार म्हणतात. पण कर्मचाऱ्यांच्या काटेकोर तपासणीची व्यवस्था आपल्याकडे का हवी, याची जाणीव पाकिस्तानच्या अधिकाऱ्यांना मुख्यतः या दोन प्रकरणांनीच करून दिली.

ही तपासणी करावयाची तरी कशी? अमेरिकेत वा रशियात असा तपास मद्यपान, कर्ज, मानसिक अस्वास्थ्य यांवर लक्ष ठेवतो. पाकिस्तानात त्यास धर्मनिष्ठेचीही पारख करावी लागते, आणि अडचण तेथेच सुरू होते. पाच वेळा नमाज पढणारा, दाढी राखणारा, जिहादच्या ब्रीदाला मनापासून मानणारा सैनिक हा आदर्श सैनिक की धोक्याचा? ४ जानेवारी २०११ रोजी पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांना इस्लामाबादच्या बाजारात त्यांच्याच अंगरक्षकाने, मुमताज कादरी याने, गोळ्या घालून मारले. तासीर यांनी धर्मनिंदेच्या कायद्यावर टीका केली होती आणि त्या कायद्याखाली फाशीची शिक्षा सुनावल्या गेलेल्या एका ख्रिस्ती स्त्रीची बाजू घेतली होती. कादरी हा पोलिसांच्या निवडक दलातला. पहाऱ्यावरच्या इतर शिपायांनी त्याला गोळी घातली नाही. न्यायालयात नेताना वकिलांनी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. विशेष म्हणजे तो तालिबानच्या पंथाचा नव्हता. दर्गे आणि पीर यांना मानणाऱ्या बरेलवी पंथाचा होता. हा पंथ सौम्य समजला जाई आणि अतिरेकावरील उतारा म्हणून त्याच्याकडे पाहिले जाई. २०१६ मध्ये कादरीला फाशी झाल्यावर त्याच्या अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. याच लाटेवर वाढलेल्या तहरीक-ए-लब्बैक पक्षाने २०१८ च्या निवडणुकीत वीस लाखांहून अधिक मते मिळविली. एखादा विचार गुप्त कटाच्या रूपाने असतो तोवर हेरखाते त्याचा माग काढू शकते. तोच विचार चारचौघांत उजळ माथ्याने वावरू लागला की चाचणीची चाळणी निकामी होते; कारण चाळणी धरणाऱ्याचा विचारही तोच असू शकतो.

पाकिस्तानी अधिकाऱ्यांचा प्रतिवाद येथे न्यायबुद्धीने ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात की धार्मिक पक्षांना केंद्रातील सत्ता निवडणुकीने कधीच मिळालेली नाही. अतिरेक्यांशी लढताना आमचे हजारो जवान पडले आहेत. आणि आमचे एकही शस्त्र गहाळ झालेले नाही. तिन्ही विधाने खरी आहेत, निदान शेवटच्या विधानाविरुद्ध कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. सैन्याची शिस्त ही त्या देशातील सर्वांत बळकट संस्था होय, यातही शंका नाही. तथापि या शिस्तीलाही तडे जाऊ शकतात. मे २०२३ मध्ये इम्रान खान यांना अटक झाली तेव्हा संतप्त जमावाने लाहोरमधील कोअर कमांडरचे निवासस्थान जाळले आणि रावळपिंडीच्या मुख्यालयाच्या फाटकातून आत मुसंडी मारली. हा जमाव धर्मवेड्यांचा नव्हता. सामान्य मध्यमवर्गीयांचा, त्यांत स्त्रियाही होत्या.

खरा धोका कोठारात नसून रस्त्यावर आहे, असे अनेक अभ्यासक सांगतात, आणि त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. शांततेच्या काळात विलग ठेवलेली शस्त्रे युद्धाची छाया पडताच जोडावी लागतात, ठिकठिकाणी हलवावी लागतात, कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाती सोपवावी लागतात. एप्रिल २०११ मध्ये पाकिस्तानने नस्र या साठ किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी केली. रणगाड्यांच्या आक्रमणाला अटकाव करण्यासाठी ते सरहद्दीजवळ न्यावयाचे आहे. इतक्या कमी पल्ल्याचे शस्त्र जितके पुढे न्यावे तितकी त्याची चावी वरिष्ठांच्या हातून सुटत जाते. आणि युद्धाची छाया पाडण्याची शक्ती कोणापाशी आहे? डिसेंबर २००१ मध्ये पाच बंदूकधाऱ्यांनी संसद भवनावर हल्ला केला आणि दोन देशांची सैन्ये कित्येक महिने समोरासमोर उभी ठाकली. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा जण समुद्रमार्गे मुंबईत उतरले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाली. ७ मे रोजी भारताने ऑपरेशन सिंदूर सुरू केले. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली त्याच दिवशी सकाळी पाकिस्तानच्या राष्ट्रीय नियंत्रण प्राधिकरणाची बैठक बोलाविल्याचे वृत्त पसरले. अशी बैठक ठरलेली नाही, असे त्या देशाच्या संरक्षणमंत्र्यांनी नंतर सांगितले. मूठभर माणसांना कोठार फोडण्याची आवश्यकता नसते. दोन राज्यांना एकमेकांवर घातले की कोठाराची दारे राज्यच उघडते, आणि मग आतला एखादा कादरी किंवा अदनान रशीद कोणत्या गाडीवर नेमलेला असेल, हे सांगता येत नाही.

आतल्या माणसाचा धोका ही पाकिस्तानचीच मिरासदारी आहे, असे मात्र भारतीय वाचकाने समजू नये. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी यांच्यावर त्यांच्याच रक्षकांनी गोळ्या झाडल्या. बंगळूरच्याच राज्यात, कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात, नोव्हेंबर २००९ मध्ये पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या तपासणीत ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. पिण्याच्या थंड पाण्याच्या यंत्रात कोणी तरी ट्रिटियममिश्रित जड पाणी मिसळले होते. हे आतल्याच कोणाचे कृत्य असावे, असे तत्कालीन अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी सांगितले. कोणाला गंभीर इजा झाली नाही आणि त्यात अतिरेकी हेतूही दिसला नाही. पण कुंपणाच्या आत मुक्त वावर असलेल्या एखाद्या नाराज माणसाला किती थोड्या खटपटीत किती दूर जाता येते, ते त्यातून दिसले. फरक आहे तो संख्येचा आणि हवामानाचा. नाराज माणूस एकटा असतो. ज्याला समाज पुष्पवर्षाव करून घेतो तो एकटा नसतो.

दोन्ही देशांनी परस्परांत काही मोजके करार करून ठेवले आहेत. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही राजधान्यांत अणुकेंद्रांच्या याद्यांची देवघेव होते. संसदेवरील हल्ल्यानंतर, सैन्ये सरहद्दीवर असताना, २००२ मध्ये ती झाली. मुंबईनंतर २००९ मध्येही झाली. बंगळूरच्या सभागृहाबाहेर प्राध्यापक पुरी यांचा बळी गेल्यानंतर चौथ्या दिवशी, १ जानेवारी २००६ रोजी, नेहमीच्या वेळी नेहमीच्या याद्या पोहोचत्या झाल्या. २१ फेब्रुवारी २००७ रोजी आणखी एक करार दिल्लीत झाला : अण्वस्त्रांच्या बाबतीत काही अपघात घडल्यास दुसऱ्या देशाला तात्काळ कळवावयाचे. त्याच्या तीनच दिवस आधी समझौता एक्स्प्रेसमध्ये स्फोट होऊन ६८ प्रवासी, बहुतांश पाकिस्तानी, जळून मेले होते. तरीही ठरलेली सही ठरल्या दिवशी झाली. या करारात अपघाताची आणि परवानगीविना घडलेल्या घटनेची वार्ता देण्याची तरतूद आहे. राखणदारांची निवड व पारख कशी करतो, हे परस्परांना सांगण्याची तरतूद अद्याप कोणत्याही करारात झालेली नाही.